१,२०० संगीत-सीडी हार्ड डिस्कवर उतरवायच्या आहेत : नेमकी किती जागा धरावी?

धागाकर्ता

गेली तीस वर्षे जमवलेल्या संगीताच्या सीडी या वर्षी हार्ड डिस्कवर उतरवून घेण्याचे ठरवले आहे. कपाटातून सगळे काढून मोजले तेव्हा डब्या १,०४० निघाल्या, पण जोडसीडी आणि मोठे संच उघडून प्रत्यक्ष तबकड्या मोजल्यावर आकडा १,२१२ झाला. एका सीडीवर ७०० एमबी मावतात हे कोऱ्या सीडीवर छापलेले असते, त्यामुळे मी सरळ गुणाकार केला आणि उत्तर सुमारे ८५० जीबी आले. म्हणजे १ टीबीची डिस्क जेमतेम पुरेल असे वाटले. पण घरात असलेली १ टीबीची डिस्क संगणकाला जोडली तर तो ९३१ जीबीच दाखवतो, आणि त्यामुळे मनात शंका आली.

एमपी३ केले तर प्रश्नच उरत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु हे काम एकदाच करायचे आहे, आणि दोन वर्षांनी पुन्हा पहिल्या सीडीपासून सुरुवात करण्याची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे. माझा हिशेब बरोबर आहे का, आणि तो कसा करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गणिती

आपला गुणाकार बरोबर आहे, पण ज्या आकड्याने गुणले तो या कामाचा नाही. ७०० एमबी ही संगणकाची माहिती साठवण्याची क्षमता आहे, संगीत साठवण्याची नव्हे. संगीताच्या सीडीवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा म्हणजे २ बाइटांचा असतो, आणि डावी व उजवी अशा दोन वाहिन्या असतात. ४४,१०० गुणिले २ गुणिले २ केले की सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. मिनिटाला १,०५,८४,०००, म्हणजे सुमारे १०.६ एमबी. ८० मिनिटांची पूर्ण भरलेली सीडी त्यामुळे जवळजवळ ८४७ एमबी संगीत धरते.

मग ७०० कुठून आले? सीडीवरचा एक सेकंद ७५ तुकड्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक तुकड्यात २,३५२ बाइट असतात. संगीताच्या सीडीत हे सगळे बाइट ध्वनीसाठी वापरले जातात. संगणकाच्या फायली ठेवायच्या असतील तर मात्र त्यांतले २,०४८ बाइटच माहितीला मिळतात आणि उरलेले बव्हंशी चूक शोधून दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. गाण्यातला एखादा नमुना वाचता आला नाही तर आजूबाजूच्या नमुन्यांवरून तो भरून काढता येतो आणि कानाला बहुधा कळतही नाही; एखाद्या फायलीतला एक आकडा चुकला तर सगळी फाइल वाया जाऊ शकते. तबकडी तीच, पण पोटात काय ठेवायचे त्यानुसार तिची क्षमता बदलते.

आता दुसरी बाजू पाहा. फार थोड्या सीडी ८० मिनिटे भरलेल्या असतात. ज्या ध्वनिमुद्रिका मुळात लाँग प्ले तबकडीवर निघाल्या आणि पुढे जशाच्या तशा सीडीवर आल्या, त्या अनेकदा ४० ते ४५ मिनिटांतच संपतात. त्यामुळे सीडींची संख्या हा हिशेबाचा पाया धरू नये, मिनिटे धरावीत. एवढे मात्र आत्ताच सांगता येईल की तुमच्या सगळ्या १,२१२ सीडी काठोकाठ भरलेल्या असत्या आणि तुम्ही त्या अजिबात न दाबता (म्हणजे कॉम्प्रेस न करता) ठेवल्या असत्या, तरी १,०२६ जीबी लागले असते. हे छत आहे. खरा आकडा याच्या बराच खाली असणार.

९३१ जीबी दिसतात त्यात डिस्कचा काही दोष नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट धरतात, तर विंडोज त्याच बाइटांना १,०२४ ने तीनदा भागून जीबी म्हणते. मॅकने २००९ मध्ये १०.६ या आवृत्तीपासून दशमान पद्धत स्वीकारली, त्यामुळे तीच डिस्क तिथे पूर्ण १ टीबी दिसते. हिशेब करताना कोणतीही एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. मी वर सगळीकडे दशमान धरली आहे.

मंद्रसप्तक

वरील प्रतिसादात न दाबलेल्या ध्वनीचा हिशेब आला आहे, पण तसे ठेवण्याची गरजच नाही. फ्लॅक या स्वरूपात ध्वनी दाबला जातो आणि उघडल्यावर एकही बिट न बदलता परत मिळतो. २००१ पासून ते उपलब्ध आहे, मुक्त आहे, आणि त्यात कलाकार, राग, वर्ष, वादक अशी माहिती फायलीतच व्यवस्थित लिहिता येते. साध्या वेव्ह फायलींत ही सोय धडपणे चालत नाही. ॲपलची उपकरणे वापरणाऱ्यांसाठी अलॅक हे तसेच दुसरे स्वरूप आहे. त्याच्या फायली साधारण तेवढ्याच आकाराच्या होतात आणि दोहोंमध्ये केव्हाही अदलाबदल करता येते, कारण दोन्हींत काही गमावले जात नाही.

फ्लॅकने किती बचत होईल, यावर मात्र एक आकडा सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. बहुतेक संगीत मूळ आकाराच्या ५० ते ७० टक्क्यांपर्यंत येते, पण ही मोठी दरी आहे आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फ्लॅक आधीच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधते आणि अंदाज जेवढा चुकला तेवढाच साठवते. एकट्या पियानोचा संथ स्वर हळूहळू विरत जातो, त्याचा अंदाज चांगला येतो आणि चूक छोटी राहते. झांजा, विकृत केलेली गिटार, टाळ्यांचा कडकडाट यांचा अंदाज येत नाही. शिवाय १९९० च्या दशकापासून बऱ्याच ध्वनिमुद्रिका सतत चढ्या पातळीवर तयार केल्या गेल्या, त्यांत शांत जागाच उरत नाही, म्हणून त्या कमी दबतात.

जुन्या एकवाहिनी ध्वनिमुद्रणांची गोष्ट आणखी वेगळी आहे. सीडीवर ती दोन्ही वाहिन्यांत सारखीच घातलेली असतात. फ्लॅक दोन वाहिन्यांतला फरक काढून पाहते, तो शून्य निघाला की दुसऱ्या वाहिनीसाठी जवळपास काहीच साठवावे लागत नाही आणि फाइल एका झटक्यात निम्मी होते. पण जुनी तबकडी सीडीसाठी उतरवताना ती दोन वाहिन्यांच्या सुईने वाजवली असेल आणि खरखर दोन्हीकडे वेगवेगळी राहिली असेल, तर हा लाभ मिळत नाही. ऐकताना तुम्हाला एकच वाहिनी वाटेल आणि फाइल मात्र मोठीच निघेल. तुमच्या संग्रहात अशी जुनी ध्वनिमुद्रणे किती आहेत, यावर एकूण आकडा बराच हलू शकतो.

फ्लॅकमध्ये किती दाबायचे याच्या ० ते ८ अशा पातळ्या असतात आणि आपण काही न निवडल्यास ५ धरली जाते. ५ वरून ८ वर गेल्याने साधारण एखाद्याच टक्क्याचा फरक पडतो. दर्जाचा त्याच्याशी संबंध नाही. ५ वर ठेवा आणि तो विषय सोडून द्या.

जुनी फीत

धागाकर्त्यांनी "हे काम एकदाच करायचे आहे" असे लिहिले आहे, त्या वाक्यावर मला मनापासून बोलायचे आहे, कारण मी हे काम दोनदा केले आहे.

पहिल्या वेळी माझ्याकडे ४० जीबीची डिस्क होती आणि सीडी सहाशेच्या आसपास. न दाबता ठेवणे तर शक्यच नव्हते, म्हणून मी सगळे १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ मध्ये घेतले. तासाभराच्या संगीताला ५७.६ एमबी लागतात, त्यामुळे सगळा संग्रह मावला आणि मी खूश झाले. काही वर्षांनी चांगले हेडफोन घेतले आणि एका आवडत्या ध्वनिमुद्रणातल्या झांजांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटला. सीडी काढून लावली तर त्याच झांजा स्वच्छ होत्या. एकदा ते कानाला लागल्यावर पुढे प्रत्येक फायलीत तेच ऐकू येऊ लागले.

दुसऱ्यांदा सगळे करायला घेतले तेव्हा खरे दुःख समजले. विकत घेतलेल्या सीडी जवळजवळ सगळ्या वाचता आल्या, परंतु मित्रांनी त्यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे घरच्या संगणकावर लिहून दिलेल्या ज्या सीडी-आर होत्या, त्यांतल्या सतरा तबकड्या वाचता येईनात. त्यांतला रंगाचा थर उतरत गेला होता. खिडकीकडे धरून पाहिल्यावर कडेला फिकट, ढगाळ पट्टे दिसत होते, आणि ड्राइव्ह त्या पट्ट्यांपर्यंत आला की अडखळून थांबत असे. त्या मैफलींच्या दुसऱ्या प्रती कुठेही नाहीत. आता माझ्याकडे त्यांचे फक्त १२८ केबीपीएसचे एमपी३ उरले आहेत.

म्हणून दोन गोष्टी सांगते. जागेसाठी दर्जा कमी करू नका, कारण डिस्क पुढे मोठी घेता येते, पण सीडी लावण्या-काढण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत. आणि सुरुवात कपाटाच्या पहिल्या फळीपासून न करता घरी लिहिलेल्या सीडी-आरपासून करा.

गणिती

जुनी फीत यांनी सांगितलेला क्रम मलाही पटतो. हिशेबाकडे परत येतो. मंद्रसप्तक यांनी दाखवलेली दरी भरण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे स्वतःच्या संग्रहातून नमुना घेऊन मोजणे. तीस सीडी पुरतात. मात्र त्या हाताला येतील तशा घेऊ नका. पुढच्या रांगेत आवडीच्या सीडी असतात आणि आवडीच्या सीडी बहुधा एकाच प्रकारच्या असतात. सगळ्या तबकड्यांना मनातल्या मनात १ ते १,२१२ असे क्रमांक द्या आणि दर चाळिसावी तबकडी काढा. संचांमधल्या तबकड्याही या मोजणीत याव्यात.

त्या तीस सीडी फ्लॅकमध्ये घ्या आणि प्रत्येकीचा आकार लिहून ठेवा. सरासरीला १,२१२ ने गुणले की अंदाज मिळेल. त्या अंदाजाची खात्री किती, हेही काढता येते : तीस आकड्यांचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) घ्या, त्याला तीसच्या वर्गमुळाने म्हणजे सुमारे ५.५ ने भागा, आणि आलेल्या आकड्याची दुप्पट सरासरीत एकदा मिळवा, एकदा वजा करा. खरी सरासरी बहुतांश वेळा या दोन टोकांच्या मध्ये असते. खरेदी करताना वरचे टोक धरायचे.

अभिलेख

संगीताचा हिशेब झाला, पण बरेच जण जिथे फसतात ते संगीत नव्हे. पुस्तिकांचे स्कॅन हा खरा खादाड भाग आहे. सीडीच्या पुस्तिकेचे पान साधारण १२ सेंटिमीटर चौरस असते. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० बिंदू) ते स्कॅन केले तर एका बाजूला सुमारे २,८३५ बिंदू येतात, आणि रंगीत चित्र न दाबता टिफ या चित्रस्वरूपात ठेवले तर एका पानाला २४ एमबी लागतात. सोळा पानांची पुस्तिका ३८६ एमबी होते. म्हणजे गाण्यांना जेवढी जागा लागते तेवढी किंवा त्याहून जास्त जागा कागदाला! ३०० डीपीआयला तेच पान न दाबता ६ एमबीचे होते आणि चांगल्या दर्जाच्या जेपेगमध्ये एखाद्या एमबीपर्यंत येते. वाचण्यासाठी आणि जपण्यासाठी तेवढे पुरे आहे. फक्त ज्या पुस्तिका खरोखर दुर्मीळ आहेत त्यांच्यासाठी ६०० ठेवा.

मुखपृष्ठाचे चित्र प्रत्येक गाण्याच्या फायलीत घालण्याची पद्धत आहे. चित्र १ एमबीचे आणि गाणी बारा असतील तर दर सीडीमागे १२ एमबी जातात. तुमच्या संग्रहाला १४ ते १५ जीबी. फार नाही, पण हिशेबात हवे. चित्र थोडे लहान केले तरी पडद्यावर फरक कळत नाही.

फायलींच्या संख्येमुळे वाया जाणारी जागा मात्र विसरली तरी चालेल. एक्सफॅट या डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीत मोठ्या डिस्कवर १२८ केबीचे कप्पे असतात आणि प्रत्येक फायलीमागे सरासरी अर्धा कप्पा रिकामा राहतो असे धरले, तरी पंधरा हजार फायलींना जेमतेम १ जीबी.

आता प्रतींबद्दल. एकाच डिस्कवर ठेवलेला संग्रह हा संग्रह नव्हे. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, हा जुना नेम पाळावा. रेड लावून (म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिले जाईल असे) दोन डिस्क जोडल्या की बॅकअप झाला, हा समज चुकीचा आहे. चुकून पुसलेली फाइल रेड दोन्हीकडून एकाच क्षणी पुसते. तेव्हा गणिती यांच्या उत्तराला तीनने गुणून मगच डिस्क घ्यायला निघा.

मंद्रसप्तक

अभिलेख यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. प्रती ठेवल्या तरी त्या अजून शाबूत आहेत हे कसे कळणार? प्रत्येक फ्लॅक फायलीच्या सुरुवातीला मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा, म्हणजे त्या ध्वनीवरून गणिताने काढलेला एक छोटा आकडा, लिहिलेला असतो. फ्लॅकच्याच प्रोग्रॅमला फाइल तपासायला सांगितले की तो ती उघडून ठसा जुळतो का ते पाहतो. वर्षातून एकदा सगळ्या प्रतींवर हे चालवावे.

सीडी वाचतानाही अशीच काळजी घ्यावी. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर, ही साधने ओरखडा आलेली जागा पुन्हा पुन्हा वाचतात, आणि ॲक्युरेटरिप या सामाईक नोंदसंग्रहाच्या मदतीने तुमची प्रत इतरांनी त्याच सीडीवरून घेतलेल्या प्रतींशी ताडून पाहतात. जुळले की ती सीडी पुन्हा हातात घ्यायची गरज उरत नाही.

आणि एक कळकळीची विनंती : "जास्त दर्जासाठी" २४ बिट ९६ किलोहर्ट्झमध्ये उतरवू नका. सीडीवर जे नाही ते त्यामुळे येत नाही, आणि न दाबलेला आकार मात्र सव्वातीन पट होतो.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठ दिवस गेले, कारण सांगितल्याप्रमाणे मोजल्याशिवाय परत लिहायचे नाही असे ठरवले होते. दर चाळिसावी तबकडी काढली आणि तीस सीडी फ्लॅकमध्ये घेतल्या.

तीस सीडींची एकूण लांबी १,६१४ मिनिटे भरली, म्हणजे सरासरी पावणेचोपन्न मिनिटे. फ्लॅकची सरासरी ३१८ एमबी आली. न दाबता ५६९ एमबी लागले असते, तेव्हा आकार सुमारे ५६ टक्क्यांवर आला. सर्वांत लहान निघाली ती एकवाहिनी ध्वनिमुद्रणांची ४८ मिनिटांची सीडी, अवघी १२१ एमबी. ती न दाबता ५०८ एमबीची असती, म्हणजे चौथा हिस्सासुद्धा लागला नाही. मंद्रसप्तक यांनी सांगितलेले डोळ्यांसमोर घडलेले पाहून फार आनंद झाला. सर्वांत मोठी निघाली एका रॉक संगीतसमूहाची ७४ मिनिटांची सीडी, ५४१ एमबी. ती ६९ टक्क्यांच्या खाली यायला तयार नाही.

प्रमाण विचलन ९६ एमबी आले. ५.५ ने भागून दुप्पट केले तर साधारण ३५. म्हणजे सरासरी २८३ ते ३५३ एमबी, आणि संपूर्ण संग्रह ३४३ ते ४२८ जीबी. वरचे टोक धरून त्यात ३०० डीपीआयच्या पुस्तिका आणि फायलींतली मुखपृष्ठे यांसाठी आणखी ३२ जीबी मिळवले, तर ४६० जीबी होतात. माझ्या पहिल्या ८५० च्या निम्म्याहून थोडे अधिक. १ टीबीची डिस्क, ९३१ दाखवणारीसुद्धा, जेमतेम अर्धी भरेल आणि पुढे येणाऱ्या सीडींना जागा उरेल. तीन प्रती असल्याने एक हार्ड डिस्क, एक एसएसडी आणि भावाच्या घरी ठेवायची आणखी एक हार्ड डिस्क असे ठरवले आहे.

मोबाइलवर सगळे संगीत नेण्याबद्दल एक शंका राहते. २५६ केबीपीएसच्या एमपी३ चा हिशेब मी १२५ जीबी काढला. १२८ जीबीच्या कार्डावर ते मावेल का?

गणिती

आकडा बरोबर आहे, पण कार्डाची स्वतःची व्यवस्था आणि मुखपृष्ठे धरली तर ते मावणार नाही असेच समजा. मोबाइलसाठी ओपस हे एमपी३ सारखेच, पण कमी जागेत चांगले वाजणारे स्वरूप वापरा. १२८ केबीपीएसला ६३ जीबी होतील आणि फिरताना ऐकायला तो दर्जा उत्तम आहे. मूळ फ्लॅक घरी असल्याने या प्रती हव्या तेव्हा पुसून नव्याने करता येतील. संगणक रात्रभरात आपोआप करतो, एकही सीडी काढावी लागत नाही.

वेळेचाही अंदाज देऊन ठेवतो. सीडी लावणे, वाचणे, नावे तपासणे मिळून दहा मिनिटे धरली तर १,२१२ सीडींना २०२ तास लागतील. रोज दोन तास बसलात तर साधारण सव्वातीन महिने.

धागाकर्ता

नमुना घेताना मला सीडीमागे अकरा मिनिटे लागली होती, म्हणून चार महिने धरून ठेवतो. कालपासून सीडी-आरना हात घातला आहे. एकूण ४६ आहेत, त्यांतल्या ३१ झाल्या. दोन अडकल्या आहेत. त्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून कमी वेगाने वाचून पाहणार आहे, आणि जमले तर इथेच कळवेन.